"काहीच झालं नाही" या वर्षाचा हिशेब संचालक मंडळापुढे कसा मांडायचा? (माहिती सुरक्षेवरचा खर्च)

हिशेबी_माणूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एका मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेत संगणक विभाग सांभाळतो. नाव सांगत नाही, पश्चिम महाराष्ट्रातली आहे एवढं पुरे. लवकरच संचालक मंडळाची सभा आहे आणि विषयपत्रिकेवर माझा विषय आहे: माहिती सुरक्षेसाठी पुढच्या वर्षीची तरतूद.

मागच्या सभेत चेअरमन साहेब म्हणाले, "गेल्या वर्षी फायरवॉल बदलली, त्याआधी ते चोवीस तास लक्ष ठेवायचं कंत्राट दिलं. झालं काय? काहीच नाही. मग यंदा परत कशाला?" मी सुरुवात केली की साहेब, काहीच झालं नाही हेच तर... तेवढ्यात एक संचालक (आडत व्यापारी आहेत, आकड्याला पक्के) म्हणाले, "अहो, तालुक्याच्या बँकेने छदाम खर्च केला नाही, त्यांनाही काही झालं नाही." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही. वर त्यांचाच दुसरा टोला होताच: "कॉसमॉसकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा होता, तरी गेलेच ना?"

रिझर्व्ह बँकेने सांगितलंय म्हणून करायचं, हे उत्तर चालतं. पण त्याने किमान तेवढंच मंजूर होतं, आणि कुठल्या गोष्टीवर आधी करायचं हे ठरत नाही. सल्लागाराने लाल-पिवळा-हिरवा तक्ता दिलाय. लाल खोका पिवळा करायला किती लाख, ते त्यात आहे. पिवळा झाल्याने बँकेचं नेमकं काय वाचलं, ते नाही.

तुमच्याकडे हे कसं ठरवतात? वित्त, विमा, लेखापरीक्षण, कुठल्याही क्षेत्रातले अनुभव चालतील.

---

चुलतभाऊ

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

---

स्विचवाला

आडत व्यापाऱ्यांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. एटीएम स्विचच्या (एटीएमची विनंती बँकेपर्यंत नेऊन उत्तर परत आणणारी यंत्रणा) कामात बरीच वर्षं गेली आहेत. खाली लिहितोय ते सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं आहे.

कॉसमॉस ही १९०६ची बँक, देशातल्या मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. त्या दिवशी दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, आणि भारतात रुपे कार्डांवर अडीच कोटींच्या आसपास. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून (बँकांची परदेशी पैसे पाठवायची संदेशव्यवस्था) आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यावर गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

आता यातली गोम पाहा. हल्लेखोरांनी खरा स्विच बाजूला ठेवून स्वतःचा एक खोटा स्विच मध्ये बसवला. कार्ड कुठेही घातलं की "पैसे द्या" असं उत्तर तो खोटा स्विचच द्यायचा. विनंती कोअर बँकिंगपर्यंत (बँकेची खात्यांची खरी वही असते ती प्रणाली) पोचायचीच नाही. त्यामुळे कुणाही खातेदाराची शिल्लक कमी झाली नाही, पैसे गेले ते बँकेचे.

म्हणजे दोन तास एका बाजूला हजारो व्यवहार "मंजूर" होत होते आणि दुसऱ्या बाजूला कोअर बँकिंगच्या वहीत त्यांची एक ओळ नव्हती. दोन याद्या दर पंधरा मिनिटांनी एकमेकींवर ठेवून पाहिल्या असत्या तर? हे काम करायला कोट्यवधीचं यंत्र लागत नाही. एक प्रोग्राम, एक गजर आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलणारा एक माणूस लागतो. परदेशातल्या व्यवहारांवर ताशी मर्यादा लावायला तर त्याहूनही कमी.

म्हणून "त्यांच्याकडे जास्त पैसा होता" याला माझं उत्तर असं: किती खर्च केला हे विचारू नका. पैसा नेमक्या कुठल्या वाटेवर अडवला जाईल आणि गेला तर किती वेळात कळेल, ते विचारा. शनिवार ते सोमवार या दोन दिवसांत स्विफ्ट उघडं राहिलं, हा तर खर्चाचा प्रश्नच नाही. "संशय आला तर सगळ्या वाटा बंद करायचा अधिकार कुणाला" एवढं आधी ठरवून ठेवायचा प्रश्न आहे.

---

पेन्शनर_पाटील

दुसरा शनिवार निवडला म्हणजे माहितगार असणार.

---

स्विचवाला

@पेन्शनर_पाटील, सुट्ट्यांचं कॅलेंडर कुणालाही मिळतं हो. २०१६ साली बांगलादेश बँकेवर दरोडा पडला तोही असाच, ४ फेब्रुवारी, गुरुवारची रात्र. ढाक्यात शुक्रवार सुट्टीचा, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला शनिवार-रविवार सुट्टी, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्ष. सुमारे ९५ कोटी डॉलरच्या मागण्या पाठवल्या होत्या, ८.१ कोटी डॉलर मनिलाच्या बाजूला निघून गेले. तपासात बाहेर आलं ते असं की स्विफ्टच्या खोलीतलं नेटवर्क दहा-दहा डॉलरच्या जुन्या स्विचवर चाललं होतं आणि फायरवॉल नव्हती. (हा स्विच वेगळा बरं का, नेटवर्कचा.) तिथे मात्र व्यापारी साहेबांना सांगता येईल की छदाम न खर्च केल्याचा परिणाम हा असाही होतो.

---

तिरकस_तात्या

चांगली चर्चा. थोडं मीठ टाकतो.

या धंद्यात विकली जाते ती भीती. विक्रेता येतो, जगाचा नकाशा दाखवतो, त्यावर लाल बाण उडत असतात. संचालक घाबरतात, चेक फाटतो. पुढच्या वर्षी तोच माणूस नवा नकाशा घेऊन हजर.

दुसरा प्रकार प्रमाणपत्राचा. चेअरमनच्या खुर्चीमागे आयएसओ २७००१ची (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) फ्रेम. मी लेखापरीक्षक म्हणून कुठेही गेलो की आधी त्या फ्रेमवरची बारीक अक्षरं वाचतो. व्याप्ती काय लिहिलीय? एका ठिकाणी फक्त डेटा सेंटरची खोली होती. शाखा नाहीत, एटीएम नाहीत, विक्रेते नाहीत. प्रमाणपत्र खरं, व्याप्ती खरी, आणि तरी संचालक मंडळाचा समज पूर्ण खोटा. २०२२च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं आहेत (आधी ११४ होती). त्यातली कुठली लागू आणि कुठली नाही, आणि का नाही, याचा एक कागद संस्थेला करावाच लागतो. सगळ्या मूल्यांकनात मला तोच कागद कामाचा वाटतो. "लागू नाही" या रकान्यातली कारणं वाचा, संस्थेचा स्वभाव कळतो.

तेव्हा धागाकर्त्या, नवीन काही मागण्याआधी जुन्याचा हिशेब दे. ते चोवीस तास लक्ष ठेवणारे, त्यांनी वर्षभरात किती इशारे दिले, त्यातले किती तुम्ही उघडून पाहिले, आणि इशारा आल्यापासून उघडायला किती वेळ लागला? हे तीन आकडे नसतील तर चेअरमन बरोबर आणि तू चूक.

---

हिशेबी_माणूस

@तिरकस_तात्या, पहिला आकडा आहे. दुसरा काढायला बसलोय. तिसरा नाही.

---

हडसनकाठ

तात्यांना +१. अमेरिकेत विमा कंपनीत आहे, त्यामुळे मोडलेल्या संस्थांचेच कागद जास्त पाहतो.

विकत घेतलेलं उपकरण आणि चालू असलेलं उपकरण यांत किती अंतर असतं त्याचं उदाहरण म्हणजे २०१७चं इक्विफॅक्स, लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी अमेरिकन कंपनी. पैशाची कमतरता नव्हती. अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती एका पोर्टलवर लावायची राहून गेली. आत-बाहेर जाणारी माहिती तपासणारं उपकरणही होतं. पण त्याचं डिजिटल प्रमाणपत्र मुदत संपून पडलं होतं, त्यामुळे ते कूटबद्ध वाहतूक उघडून पाहूच शकत नव्हतं. प्रमाणपत्र नवं केलं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. ताळेबंदात ते उपकरण "गुंतवणूक" म्हणून दिसत असणारच.

त्यामुळे आम्ही हप्ता ठरवताना काय काय घेतलंय याची यादी बाजूला ठेवतो. दुरुस्ती आल्यापासून लागेपर्यंत सरासरी किती दिवस, बॅकअप शेवटचा कधी परत चढवून पाहिला, नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन किती तासांत बंद होतं, असले प्रश्न विचारतो. कंटाळवाणे आहेत, पण नुकसान यांच्याशीच बांधलेलं दिसतं.

---

अमृता_आकडेमोड

आता आकड्यांकडे येऊ, कारण व्यापारी संचालकांना तीच भाषा पटेल. पण सांभाळून.

पुस्तकी पद्धत सोपी आहे. एका घटनेचं नुकसान गुणिले वर्षात किती वेळा, म्हणजे वार्षिक अपेक्षित नुकसान. समजा (आकडे माझ्या मनाचे) फसव्या ईमेलमुळे होणारी फसवणूक: दर वेळी ३ लाख, वर्षातून ४ वेळा, म्हणजे १२ लाख. प्रशिक्षण आणि दुहेरी ओळख पडताळणीवर ५ लाख घातले आणि घटना ४ वरून १ वर आल्या, तर ९ लाख वाचले. खर्च वजा जाता ४ लाखांचा फायदा, म्हणजे घातलेल्या पैशावर ८० टक्के. व्यापारी खूश.

आता दुसरा धोका घ्या, स्विचवाल्यांनी सांगितला तसा. नुकसान ३० कोटी, शक्यता दोनशे वर्षांतून एकदा. गुणाकार केला तर १५ लाख. म्हणजे कागदावर हे दोन धोके जवळजवळ जुळे. पण पहिल्याने बँकेच्या नफ्याला ओरखडा उठतो आणि दुसऱ्याने, नेटवर्थ ४० कोटी असेल तर, बँक आडवी होते. सरासरीत हा फरक विरघळून जातो. म्हणून एक आकडा देऊ नका. "साधारण वर्षी इतकं, वाईट वर्षी इतकं, आणि फार वाईट वर्षी इतकं" असे तीन द्या आणि शेजारी बँकेचं भांडवल लिहा. लाल-पिवळ्या तक्त्याने नेमकं हेच झाकलं जातं.

सल्लागार कधीकधी "३७ टक्के" म्हणून एक आकडा फेकतात. तो येतो मेरीलँड विद्यापीठाच्या लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोब यांच्या २००२च्या मांडणीतून. त्यात म्हटलंय इतकंच, की त्यांच्या गृहीतकांखाली एखाद्या माहितीच्या रक्षणावर करायचा खर्च तिच्या *अपेक्षित नुकसानाच्या* ३७ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ती वरची मर्यादा आहे. "संगणक खर्चाच्या ३७ टक्के" तर अजिबात नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते: सगळ्यात भगदाड पडलेल्या ठिकाणी पैसे ओतणं दर वेळी शहाणपणाचं नसतं. काही जुन्या प्रणाली इतक्या कच्च्या असतात की त्यांना डागडुजी करण्यापेक्षा बंद करणं स्वस्त पडतं. पण बंद करण्याच्या प्रस्तावाला कुणी विक्रेता नसतो, म्हणून तो सभेत येतच नाही.

---

पेन्शनर_पाटील

ताई, दोनशे वर्षांतून एकदा हे आणलं कुठून? बँकांत संगणक येऊनच किती वर्षं झाली?

---

अमृता_आकडेमोड

@पेन्शनर_पाटील काका, बरोबर पकडलंत. कुठूनच नाही. अंदाजच आहे. म्हणूनच तो एकट्याने करायचा नसतो. स्विच पाहणारा, लेखापरीक्षक, शाखाधिकारी यांना वेगवेगळं विचारायचं, उत्तरं जुळत नाहीत तिथे चर्चा करायची. एकाने शंभर म्हटलं आणि दुसऱ्याने हजार, तर दोघांनाही मधलं काहीतरी माहीत नसतं. अंतिम आकड्यापेक्षा ते भांडण उपयोगी.

---

उरणकर

थोडं वेगळ्या बाजूचं. मी बंदराच्या व्यवसायात, न्हावा-शेव्याला. २०१७च्या जूनअखेर नॉटपेट्या नावाचा संगणक निकामी करणारा व्हायरस आला तेव्हा इथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल अडकलं. माल इथला, ट्रक इथले, आणि हल्ला मुळात युक्रेनवर! तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून तो पसरला. न्हावा-शेव्यातल्या कुणाचाही त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

मर्स्कने नंतर जाहीर सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. आणि सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे जे सर्व्हर जगभर होते ते एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच गेले. एक वाचला, घानामधला, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं.

तेव्हा आमच्याकडे जी शिकवण घेतली ती "अडवा"पेक्षा "उभे राहा" यावर. अडवण्याच्या प्रत्येक गोष्टीला कुणी ना कुणी वाट काढतो. नेटवर्कपासून पूर्ण तोडलेला बॅकअप आणि तो परत चढवायचा सराव, याची किंमत कुठल्याही हल्ल्यात वसूल होते. हल्ला नाही झाला आणि डिस्क मेली तरी वसूल होते.

---

हडसनकाठ

@उरणकर, विम्यावर विसंबणाऱ्यांसाठी त्याच घटनेची पुरवणी: मॉन्डलीझ कंपनीने १० कोटी डॉलरचा दावा केला तेव्हा झुरिच या विमा कंपनीने तो "युद्धजन्य कृत्य" म्हणून नाकारला. कोर्टात काही वर्षं गेली, २०२२ला तडजोड झाली. त्यानंतर पॉलिसींमधली ती कलमं बदलत गेली आहेत. विमा घ्यायचा तर अपवादांचं पान आधी वाचा, रकमेचं नंतर.

---

पासबुक

मला वाटतं मूळ धाग्यातली मोठी गोष्ट अजून निसटतेय. छोट्या-मध्यम बँकेची सुरक्षा बँकेच्या आवारात असतेच किती?

जुलै २०२४ आठवा. सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला, ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३१ जुलैला तिला तात्पुरतं तोडलं आणि जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय वगैरे बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सुरू झालं, पण त्या दिवशी एखाद्या बँकेची स्वतःची फायरवॉल कितीही महागाची असली तरी काडीचा उपयोग नव्हता.

माझ्या मते तरतुदीतला पहिला हिस्सा विक्रेत्यांच्या करारांवर, वकिलाच्या फीवर आणि त्यांचं परीक्षण करायच्या हक्कावर जावा. हल्ला झाला तर किती तासांत कळवायचं हे करारात आहे का? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग (प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी) ठेवायचे. विक्रेत्याने तुम्हाला तीन दिवसांनी सांगितलं तर तुमचे सहा तास कुठून मोजणार? वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड म्हणतो, आणि त्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे बँकेची. प्रक्रिया दुसऱ्याकडे दिली म्हणून सुटका नाही.

---

तिरकस_तात्या

@पासबुक, पटलं. फक्त विक्रेता मोठा आणि बँक छोटी असेल तर करार तो लिहितो, आपण सही करतो. एकेकटी बँक त्याला परीक्षणाचा हक्क मागेल तर हसेल. दहा बँकांनी मिळून मागितला तर ऐकेल. सहकार शब्द पाटीवर आहे तर कधीतरी वापरा की.

---

चुलतभाऊ

अवांतर: आमच्या पतसंस्थेत सर्व्हरचा पासवर्ड सर्व्हरवरच चिकटवलाय. याचं वार्षिक अपेक्षित नुकसान किती?

---

अमृता_आकडेमोड

@चुलतभाऊ, जागा पण सांगून टाका.

---

हिशेबी_माणूस

मंडळी, मनापासून आभार. धागा वाचून टिपण पार बदललं. काय ठेवतोय ते सांगतो, चुकत असेल तर झोडा.

लाल-पिवळा तक्ता काढला. त्याजागी पाच प्रसंग मांडतोय, प्रत्येकी अर्धं पान: खोटा स्विच, स्विफ्ट (आमचं थेट नाही, पण एक प्रसंग म्हणून), रॅन्समवेअर, विक्रेता बंद पडणं, आणि आतल्या माणसाने कर्ज खात्यांत केलेली फेरफार. हा शेवटचा इथे कुणी काढला नाही, पण सहकारी बँकेत तो वगळून यादी करणं म्हणजे डोळे मिटणं. प्रत्येकापुढे अमृताताईंचे तीन आकडे, आणि तो प्रसंग आज घडला तर आम्हाला कळायला किती वेळ लागेल. खरं सांगायचं तर रॅन्समवेअर सोडून बाकीच्यांत उत्तर "दुसऱ्या दिवशी सकाळी" असं येतंय. मागण्यांमध्ये पहिली आहे ती दोन याद्या जुळवणाऱ्या प्रोग्रामची, आणि ती सगळ्यांत स्वस्त आहे. नवी फायरवॉल यादीतून काढली.

आणि एक रिकामा रकाना ठेवलाय. ज्या प्रसंगासाठी मंडळ पैसे देणार नाही, तिथे "हा धोका मंडळाने स्वीकारला" असं लिहून ठराव क्रमांक. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या श्रेणीनिहाय चौकटीतही चार स्तर आहेत ते बँकेच्या ठेवींवरून नाहीत. डिजिटल सेवा किती, स्वतःचा स्विच आहे का, स्विफ्ट आहे का यावरून आहेत. म्हणजे नवी सेवा सुरू करायचा ठराव मंजूर झाला त्याच दिवशी धोकाही मंजूर झाला. मग त्याची सही माझ्या एकट्याच्या नावावर का?

---

पेन्शनर_पाटील

तो रकाना पाहिल्यावर अर्धे संचालक पैसे मंजूर करतील. तीस वर्षं मंडळाच्या सभा पाहिल्यात, ठरावात नाव येतं म्हटलं की माणूस बदलतो. फक्त रकाना चेअरमनना आधी खासगीत दाखवा. सभेत पहिल्यांदा दिसला तर तो तुमच्यावर उलटेल.

---

हिशेबी_माणूस

@पेन्शनर_पाटील, उद्याच भेटतो त्यांना.

@स्विचवाला, एक शंका राहिली. आमचा एटीएम स्विच आमचा नाही, स्पॉन्सर बँकेच्या (आम्हाला कार्ड नेटवर्कशी जोडून देणारी मोठी बँक) मार्फत बाहेरच्या कंपनीचा आहे. मग मंजूर व्यवहारांची यादी मला दर पंधरा मिनिटांनी मिळणार कशी? सध्या दिवसाअखेरची फाइल येते.

---

स्विचवाला

दिवसाअखेरची फाइल म्हणजे सगळं झाल्यावरचा पंचनामा. थेट जोडणी मागाल तर कंपनी आकडा सांगेल आणि सहा महिने घेईल. तोवर दोन गोष्टी मागा, दोन्ही बहुतेक स्विचमध्ये आधीच असतात, फक्त चालू केलेल्या नसतात. एक, दर तासाला तुमच्या बँकेच्या कार्डांवर किती व्यवहार आणि किती रक्कम मंजूर झाली, एवढाच दोन आकड्यांचा एसएमएस. दुसरी, बँकेसाठी ताशी कमाल रक्कम, ती ओलांडली की स्विच आपोआप नकार देईल. मर्यादा ठरवायला गेल्या वर्षातला सगळ्यात गर्दीचा तास शोधा, बहुधा दिवाळीच्या आधीचा किंवा पगाराचा असेल, आणि त्याच्या दीडपट ठेवा. परदेशातले व्यवहार कुणी करतच नसेल तर ते सरळ शून्य.

मात्र ही मर्यादा नुसती स्विचवर न लावता स्पॉन्सर बँकेच्या किंवा कार्ड नेटवर्कच्या बाजूलाही लावून घ्या, लेखी. खोटा स्विच स्वतःला नकार देणार नाही.

---

हिशेबी_माणूस

हे शेवटचं वाक्य टिपणात जसंच्या तसं टाकतोय. स्पॉन्सर बँकेला पत्राचा मसुदा आज रात्री करतो, कुणाला नमुना हवा असेल तर व्यनि करा.

---

चुलतभाऊ

मला पाठवा. आणि चिठ्ठी काढली सर्व्हरवरून.